कोलकात्याहून जुनी स्केल चेंजर पेटी घ्यायची आहे, पैसे पाठवण्याआधी काय तपासू?

मुलुंडची_भजनी

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळासाठी पेटी बघतेय. जाहिरातींच्या साइटवर एक सापडली आहे: साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज-नर-मादी अशा तीन लाईन, नऊ स्केलची स्केल चेंजर (पट्ट्यांचा गट सरकवून स्केल बदलता येते ती), कप्लर (एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरीही दाबली जाते ती सोय) आहे, लाकूड सागवान. विकणारे गृहस्थ कोलकात्यात बेहाल्याला राहतात. दुकानदार नाहीत. वडील वाजवायचे, आता घरात कोणी वाजवत नाही, पेटी तीन-चार वर्षं बंद आहे असं सांगतात.

किंमत ३४,००० म्हणतायत, ३०,००० पर्यंत उतरतील असं बोलण्यावरून वाटतं. पण आधी ८,००० टोकन पाठवा म्हणजे दुसऱ्या कोणाला दाखवत नाही, असं म्हणणं आहे. फोटो सुरेख आहेत, पॉलिश चकचकीत. जाहिरातीत 'ओरिजिनल जर्मन रीड' आणि 'आयव्हरी कीज' असंही लिहिलंय.

मला विचारायचंय ते असं: लांबून पेटीची परीक्षा करता येते का? व्हिडिओ कॉलवर वाजवून घेतली तर पुरेल का? पैसे कसे द्यावेत? आणि आणायची कशी, कुरिअरने की रेल्वेने? श्रावणात सप्ताह आहे, त्याआधी हातात पडली तर बरं. सगळं धरून बजेट ३५,०००.

खर्ज_नर_मादी

ताई, फोटो बाजूला ठेवा. पॉलिश कोणीही नवं करून देतो. पेटीची किंमत दोन गोष्टींवर ठरते, ती हवा किती धरते आणि रीडचं, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांचं, आयुष्य किती शिल्लक आहे. फोटोत दोन्ही दिसत नाहीत.

व्हिडिओ कॉलवर सूर तपासायला जाऊ नका. कॉलचं ॲप माणसाचं बोलणं पुढे आणतं आणि एकसारखा लांबणारा आवाज पंख्याची घरघर समजून दाबून टाकतं. पेटीवर सूर धरला की दोन सेकंदांत तो बारीक होतो, आणि आपण समजतो भाताच गळका आहे. त्यापेक्षा त्यांना फोनच्या रेकॉर्डरवर नीट रेकॉर्ड करून ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पंखा बंद, फोन पेटीपासून तीनेक फुटांवर, मध्ये बोलायचं नाही. आणि इतकी वर्षं बंद असलेली पेटी पहिल्याच झटक्याला जोरात मारू नका म्हणावं. भात्याच्या घड्या कडक झालेल्या असतात, कोपऱ्यात फाटतात. पाच-दहा मिनिटं हलक्या हाताने भाता चालवू दे, मग रेकॉर्डिंग.

तीन रेकॉर्डिंग मागा.

पहिलं सुरांचं. फक्त नर लाईनचा स्टॉप (त्या लाईनला हवा सोडणारी समोरची खुंटी) उघडा, बाकीचे बंद, कप्लर बंद. डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून शेवटपर्यंत एकेक पट्टी चार सेकंद. मग तसंच फक्त खर्ज, मग फक्त मादी. ४२ पट्ट्या, तीन लाईन, चार सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटांचं काम. ज्याला खरंच विकायचं आहे तो हे करतो. हाताचा दाब सारखा हवा, कारण रीडवर हवेचा दाब वाढला की सूर किंचित उतरतो, खर्जात जास्तच.

हे रेकॉर्डिंग ट्यूनर ॲपला ऐकवा. ट्यूनर ४४० वर ठेवा आणि प्रत्येक पट्टीसमोर किती सेंट वर-खाली ते कागदावर लिहा. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. सगळ्याच पट्ट्या सात-आठ सेंट वर दिसल्या तर घाबरू नका, पेटी ४४२ ला मिळवलेली आहे इतकंच. तो दोष नाही, भजनाला काही फरक पडत नाही. फक्त बासरी किंवा कीबोर्डबरोबर वाजवायची असेल तर विचार करा. आपल्याला बघायचं आहे ते एकमेकींतलं अंतर. शेजारणींपासून पाच सेंटच्या आत असेल ती ठीक. दहा-पंधरा असेल तर ट्यूनिंगमध्ये जाते. एखादी एकटीच तीस-चाळीस सेंट खाली बसली असेल तर जिभेवर मळ चढलाय किंवा जीभ मुळाशी तडकली आहे. मळ असेल तर रीड साफ करून भागतं, तडकली असेल तर बदलावीच लागते.

दुसरं रेकॉर्डिंग हवेचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी मागत नाही. फक्त नरचा स्टॉप उघडा ठेवून भाता पूर्ण भरायचा, हात काढायचा, लगेच मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरायची आणि सूर किती सेकंद टिकतो ते मोजायचं. मग परत भाता भरायचा, पण या वेळी दहा सेकंद काहीही दाबायचं नाही, आणि मग तीच पट्टी दाबायची. शेवटी तिसऱ्यांदा: भाता भरायचा, स्टॉप बंद करायचा, दहा सेकंद थांबायचं, स्टॉप उघडून तीच पट्टी. तीन आकडे येतात. स्टॉप बंद असताना आतल्या भात्यातली हवा वरच्या कप्प्यात जात नाही. म्हणून तिसऱ्यातही हवा संपलेली असेल तर गळती भात्यात नाहीतर आतल्या चामड्याच्या झडपांत. तिसरा आकडा चांगला आणि दुसरा वाईट असेल तर भाता शाबूत, गळती वर, म्हणजे पट्ट्यांखालच्या झडपांत किंवा रीडबोर्डच्या (रीड बसवलेल्या फळीच्या) सांध्यात. ही दुसरी दुरुस्ती पहिलीपेक्षा पुष्कळ सोपी आणि स्वस्त.

भाता भरल्यावर काही न दाबता एखादा सूर आपोआप बोलत असेल तर तेही यात ऐकू येईल. झडप बसत नाही त्याची खूण.

तिसरं स्केल चेंजरचं. नऊच्या नऊ खाचांवर पट्ट्यांचा गट सरकवून प्रत्येक ठिकाणी खालून वरपर्यंत एकदा सरसर वाजवायचं. एखाद्या खाचेवर एका पट्टीला दोन सूर एकदम येत असतील तर गट नीट जागेवर बसत नाही, पट्टी दोन झडपांच्या मध्ये पडते. टोकाच्या स्केलला शेवटच्या एक-दोन पट्ट्या मुक्या राहत असतील तर बनावटच तशी आहे का ते विचारा, काही पेट्यांत तसं असतं. मग कप्लर घालून मधलं एक सप्तक वाजवायला सांगा. पट्टी दाबल्यावर वर यायला आळस करते का ते बघा.

'जर्मन रीड'बद्दल. हे शब्द जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. रीडबोर्ड सोडवून रीड बघितल्याशिवाय त्याला शून्य किंमत द्या. आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे चांगले रीड असतील तर त्यात कमीपणा काहीच नाही. पण विक्रेत्याला घरी रीडबोर्ड उघडायला लावू नका. परत बसवताना स्क्रू कमीजास्त आवळले गेले की चांगली पेटीसुद्धा गळायला लागते.

हिशेबी_माणूस

वर सुरांचं आलंय, मी पैशांचं लिहितो.

आठ हजारांचं टोकन देऊ नका. बाराशे रुपयांचंही नको. टोकनची पद्धत समोर बसून केलेल्या व्यवहाराची आहे, तिथे निदान माणूस आणि वस्तू दिसते. यूपीआयने गेलेला पैसा त्याच क्षणी समोरच्याच्या खात्यात जमा होतो. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवला असेल तर बँक तो सहजी परत आणून देत नाही. गृहस्थ सज्जन असतीलही, पण तुम्हाला ते ठरवण्याचं साधन काय? गोड बोलणं हे साधन नव्हे.

पेटी खरंच त्यांच्याकडे आहे का, एवढ्यापुरता व्हिडिओ कॉल उपयोगी आहे. आधी जाहिरातीतले फोटो गुगल लेन्सवर टाका, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत निघाले तर विषय संपला. मग कॉलवर अशा गोष्टी सांगा ज्या आधी चित्रित करून ठेवता येत नाहीत: डावीकडून नववी पट्टी दाबा, आता तिसरा स्टॉप ओढा, आता पेटी आडवी करून तळ दाखवा, आतलं बनवणाऱ्याचं लेबल दाखवा. तळाचा फायदा आणखी एक. वाळवीची माती, किड्याचा भुसा, ओल लागून फुगलेलं लाकूड हे सगळं तळाशीच दिसतं, वर पॉलिश असतं.

पुढचे प्रकार घडले की लगेच थांबा. 'मी सैन्यात आहे, बदली झाली' असं म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवणं. 'टोकन परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणं. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. कुरिअरची पावती पाठवून 'माल निघाला, आता उरलेले टाका' म्हणणं. पावती कोणीही छापतो, क्रमांक तुम्ही स्वतः कंपनीच्या साइटवर जाऊन टाका, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही. आणि चुकून गेलेच पैसे तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तर आली.

'आयव्हरी कीज' बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं, जुन्या पेट्यांत सेल्युलॉइड. पण खरंच हस्तिदंत निघालं तर तो वेगळाच ताप. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे बंदी आहे, विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. विक्रेत्याला सरळ लिहून विचारा की पट्ट्या कशाच्या आहेत, आणि उत्तरही लेखीच घ्या.

पैसे देण्याची रीत एकच धरा. तुमच्या बाजूचा माणूस पेटीसमोर उभा असताना, पेटी वाजवून झाल्यावर, पूर्ण रक्कम एकदम. तिथल्या तिथे पावती: दोघांची नावं, पत्ते, पेटीचं वर्णन, लेबलवरचा मजकूर, रक्कम, तारीख आणि 'ही पेटी माझ्या मालकीची असून तिच्यावर अन्य कोणाचा हक्क नाही' हे वाक्य. रक्कम ५,००० च्या वर आहे, त्यामुळे एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. घरगुती विक्री आहे, बिल नाही, वॉरंटी नाही, ग्राहक आयोगात उभं राहणंही कठीण. ही पावती आणि ती रेकॉर्डिंग एवढाच तुमचा कागद.

काळी_पाच

थोडं आडवं बोलते. भजनी मंडळाला स्केल चेंजर कशाला हवी? तुमच्या गाणाऱ्या बायका काळी चार-पाचच्या आसपासच सा धरून गाणार. वादकाला त्या दोन-तीन पट्ट्यांत हात बसवायला जमत असेल तर साधी, दोन लाईनची खर्ज-नर पेटी घ्या. वजन दहा-बारा किलो, उचलून देवळात नेता येते, आणि प्रवासात बिघडणारा सगळ्यात नाजूक भाग, तो सरकता गट, त्यात नसतोच. मुंबईतच वापरलेली मिळेल, दादर-गिरगावात जाऊन हाताने वाजवून घेता येईल.

मुलुंडची_भजनी

काळी_पाच, मुद्दा पटतो, पण आमच्याकडे वादक बदलत राहतात आणि निम्म्यांचा हात पांढरी एकमध्येच चालतो. म्हणून स्केल चेंजर.

टोकन देणार नाही असं कळवलं. थोडे हिरमुसले, पण चालेल म्हणाले. पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत असं लिहून दिलं. कॉलवर तळ, लेबल सगळं दाखवलं. तळ कोरडा आहे, भुसा नाही. तिन्ही रेकॉर्डिंग आली.

नर: बहुतेक पट्ट्या ६ ते १० सेंट वर. मधल्या सप्तकातली काळी तीन मात्र ३० सेंट खाली. तार सप्तकातली पांढरी पाच सुरात आहे, पण दाबल्यावर क्षणभराने बोलते. खर्ज: सगळी ५ ते ११ वर. मादी: शेवटच्या चार पट्ट्या मुक्या, बाकी ठीक.

हवा: लगेच दाबल्यावर १८ सेकंद. स्टॉप उघडा ठेवून दहा सेकंद थांबल्यावर ५. स्टॉप बंद ठेवून थांबल्यावर १५.

स्केल: तिसऱ्या खाचेवर खालच्या बाजूला दोन सूर एकदम येतात. बाकी आठ ठीक. कप्लर चालतो.

आता घ्यावी का?

खर्ज_नर_मादी

हे आकडे बरे आहेत, तीन-चार वर्षं बंद पेटीच्या मानाने चांगलेच.

हवेपासून सुरू करू. स्टॉप बंद असताना १८ चे १५ राहिले, म्हणजे भाता आणि आतल्या झडपा ठणठणीत. मोठा खर्च टळला. स्टॉप उघडा असताना ५ वर आली, म्हणजे वर गळती आहे. कारणं दोन: पट्टीखालच्या झडपेचं चामडं कडक होऊन कड उचलली गेलीय किंवा तिथे धूळ बसलीय, नाहीतर रीडबोर्डचे स्क्रू सैल झालेत. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि वर्षानुवर्षं कोणी स्क्रू बघितले नाहीत की सांधा उघडतो. स्क्रू आवळायचे तेही एका टोकाकडून ओळीने नाही. मधून सुरू करून दोन्ही बाजूंना आलटून पालटून, प्रत्येकाला पाव फेरा.

काळी तीनचं एक वेगळं रेकॉर्डिंग मागा. तीच एक पट्टी आधी अगदी हलका भाता, मग हळूहळू जोर. तीस सेंटवर स्थिर राहिली तर बहुधा मळ, किंवा कोणीतरी चुकीचं घासलेलं आहे. जोर वाढवताच सूर आणखी घसरला आणि आवाज चिरका झाला तर जीभ तडकली आहे. रीड जिभेच्या टोकाला घासली की सूर चढतो, मुळाजवळ घासली की उतरतो. त्यामुळे थोडी चढ-उतार दुरुस्त होते, पण वारंवार घासलेली रीड पातळ होते आणि लवकर मोडते. प्रत्यक्ष बघताना जिभांवर कानशीच्या रेघा किती आहेत ते म्हणूनच बघायचं. ताज्या चमकदार रेघा दोन-चार ठिकाणी असतील तर काही नाही, सगळीकडे असतील तर पेटीची उमर झाली.

मादीच्या शेवटच्या चार मुक्या: त्या जिभा नखाच्या टोकाएवढ्या असतात आणि चौकटीतली फट केसभर. पितळेवर हिरवट गंज धरला की जीभ हलतच नाही. चारही सलग शेवटच्या आहेत म्हणजे एका बाजूने ओल किंवा धूळ आत गेली असावी. बहुतेक वेळा साफ करून बोलतात. पण 'बहुतेक वेळा'वर पैसे देऊ नका, चार रीड बदलायच्या असं धरूनच किंमत करा.

उशिरा बोलणारी पांढरी पाच किरकोळ आहे. जीभ चौकटीत बसलीय जास्त, टोक केसभर उचललं की झालं.

तिसरी खाच ही गटाच्या खिट्टीची चूक. कारागिराला अर्ध्या तासाचं काम, पण तुम्ही स्वतः हात घालू नका.

आता एवढी यादी मुंबईतल्या तुमच्या पेटीवाल्याला वाचून दाखवा: पाच रीड, वरची गळती, एक खाच, पूर्ण ट्यूनिंग. त्याच्याकडून आकडा घ्या. तो ३०,००० मधून वजा करा, आणायचा खर्च वजा करा, मग जे उरेल त्यावर बोलणी. विक्रेत्याला यादी दाखवूनच बोला. भाव पाडायचा म्हणून पेटीला नावं ठेवलेली माणसाला लागतं, त्याच्या वडिलांची पेटी आहे. आकडे दाखवले तर लागत नाही.

गोणी_आणि_सुतळी

आणण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

कुरिअर नुसत्या वजनाने नाही, आकारमानाचा आकडा जास्त भरला तर त्याने पैसे घेतं. बहुतेक कंपन्यांचा हिशेब लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. स्केल चेंजर पेटी साधारण ६६ × ३६ × ३०. चारी बाजूंनी सात सेंटिमीटर फोम धरला तर खोकं ८० × ५० × ४४ होतं, म्हणजे ३५ किलोचा दर, पेटी अठरा किलोची असली तरी. दर विचारताना खोक्याचं माप सांगा, वजन नाही, नाहीतर पिकअपच्या दिवशी आकडा दुप्पट होतो.

ट्रान्सपोर्टने पाठवलीत तर पावतीवर 'ओनर्स रिस्क' लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर मोडल्यावर हात वर. विमा वेगळा मागून घ्यावा लागतो आणि त्यासाठी किमतीचा कागद लागतो, तिथे वर सांगितलेली पावती कामाला येते.

रेल्वे पार्सलमध्येही तेच. बुक करताना किंमत जाहीर करून त्यावरचा टक्का भरला नाही तर रेल्वेची जबाबदारी पार्सलला किलोमागे ५० रुपये. पंचवीस किलोचं खोकं म्हणजे १,२५०. पेटी तीस हजारांची. टक्का भरा.

पण माझं मत विचाराल तर पेटी पार्सलने आणूच नये. एक माणूस पाठवा. स्लीपर आणि थर्ड एसी दोन्हींत माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येतं, त्या वजनात पेटी बसते. जातानाचं-येतानाचं तिकीट धरलं तरी कुरिअर अधिक विमा अधिक मनस्ताप यांच्या पुढे जात नाही, आणि वर म्हटलेला 'तुमच्या बाजूचा माणूस' पण तोच. हावड्याहून मुंबई मेल किंवा गीतांजली, कल्याणला उतरा. कल्याणहून मुलुंडला लोकलनेच यायचं असेल तर लगेजच्या डब्यातून, दुपारच्या वेळेला, सामानाचं तिकीट काढून. राहायचं झालं तर कोलकात्यात हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, बेहाल्याला तिथून जाणं सोपं.

बांधायची रीत, माणूस आणो वा कुरिअर. भाता पूर्ण मिटवून कडी लावा, वरून पट्टा. कडी एकटी धक्क्याला सुटते. सगळे स्टॉप आत. कप्लर बंद. स्केल चेंजरचा गट मधल्या खाचेवर आणून अडकवा, कडेच्या खाचेवर ठेवू नका. पट्ट्यांवर मऊ सुती कापड दुहेरी घडी करून, त्यावर पुठ्ठा, मग झाकण. झाकण आणि पट्ट्या यांच्यात जागा उरता कामा नये, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला पट्ट्या उडतात आणि खालच्या स्प्रिंगा सरकतात. फुगेवाला प्लास्टिक कागद थेट पॉलिशवर नको, पावसाळ्यात त्याचे गोल डाग उठतात. आधी कापड. मग पेटी तिच्या खोक्यात, खोकं पाच पदरी कार्टनमध्ये, आणि तळाशी फोम जास्त, कारण हमाल पेटी ठेवत नाही, सोडतो.

कुरिअरने आलीच तर दारात खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो, कोपरा चेपलेला असेल तर सही करताना तसं लिहून, मग न थांबवता एका दमात व्हिडिओ काढत उघडायची.

हिशेबी_माणूस

गोणी_आणि_सुतळी यांच्याशी सहमत, फक्त एक. जाणारा माणूस पेटी न वाजवणारा असेल तर तिथला कारागीर बरोबर घ्या. लालबाजारजवळ रवींद्र सरणीला वाद्यांची दुकानं ओळीने आहेत. फोन करून घरी येऊन बघण्याचे पैसे ठरवा. कारागीर तुम्ही निवडायचा, पैसे तुम्ही द्यायचे. 'आमचाच माणूस आहे, तो दाखवेल' याला नम्रपणे नको म्हणा.

मुलुंडची_भजनी

पुतण्या जातोय, त्याला पेटीतलं काही कळत नाही. कारागीर ठरवते. त्याला नेमकं काय बघायला सांगू? आणि पेटी आल्यावर लगेच ट्यूनिंगला टाकू का? सप्ताहाला वेळ कमी आहे.

खर्ज_नर_मादी

कारागिराला चार गोष्टी. रीडबोर्ड तिथेच सोडवून रीडवरच्या कानशीच्या रेघा आणि गंज, फोटोसकट. काळी तीनची जीभ मुळाशी भिंगाने. पट्टीखालच्या झडपांचं चामडं आणि फेल्ट, कसर लागलीय का. आणि बोर्ड परत बसवल्यावर हवेची तीच तीन मोजमापं पुन्हा. आकडे १८, ५, १५ च्या आसपासच यायला हवेत. स्क्रू नीट आवळले गेल्यामुळे दुसरा आकडा वाढला तर उत्तमच, तुमचा खर्च तिथेच कमी झाला. तिसरा आकडा पडला तर मधल्या काळात भात्याला काही झालंय, मग पैसे थांबवा. पुतण्याला मोबाइलवर सेकंद मोजता आले तरी पुरे.

ट्यूनिंग लगेच नको. कोलकाता आणि मुंबई दोन्हीकडे दमटच हवा, त्यामुळे दिल्ली-राजस्थानकडून आलेल्या कोरड्या पेटीसारखी ही एकदम फुगणार नाही, पण प्रवासात स्क्रू हलतात. पहिला दिवस खोक्यातच राहू द्या. मग आठ-दहा दिवस रोज अर्धा तास वाजवा, पट्ट्या अडकतायत का बघा. ट्यूनिंग त्यानंतर. सप्ताहाआधी करायचंच असेल तर फक्त मुक्या रीड, काळी तीन आणि खाच एवढं करून घ्या. बाकी पेटी सगळी सारखीच आठेक सेंट चढी आहे, सूरपेटी तिच्याशी जुळवून घेतली की काम होतं.

आणि काळी तीनचं ते हलक्या-जोरातलं रेकॉर्डिंग पुतण्याचं तिकीट काढायच्या आधी मागवा.